कप्तान बेदोंची अर्धी खुर्ची

माननीय सिनेटर श्रीमती आल्मिना पर्पेच्युआ क्वाशी. जन्म: पेती सेल बेट, मोठ्या वादळाने चर्चचं छप्पर नेलं त्या साली. शिक्षण: पुरेसे. व्यवसाय: पाव भाजणे. राज्यघटनेच्या संबंधित कलमानुसार, पंतप्रधानांच्या सल्ल्याने, गव्हर्नर-जनरल महोदयांच्या मर्जीने आणि ती मर्जी टिकेल तोवर, संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर नियुक्त. यापूर्वी सदर जागेवर: माननीय सिनेटर कप्तान सिप्रियन बेदो, दिवंगत. समित्या: निरंक. प्रश्न: निरंक. भाषणे: निरंक. शेरा: सभागृहात शिजवलेले अन्न आणल्याबद्दल एकदा लेखी समज.

हा मजकूर माझ्याच हातचा आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. सिनेटमध्ये जे बोललं जाई ते उतरवून घेण्याचा मला पगार मिळत असे. जे बोललं जात नसे त्याचा पगार नव्हता, म्हणून ते वर आलेलं नाही.

पेती सेलवर तिला तांती मिना, म्हणजे मिनामावशी, म्हणत. तिचं पावाचं दुकान धक्क्यासमोर होतं, आणि बोटीतून उतरलेल्या माणसाला गाव दिसायच्या आधी तिच्या भट्टीचा वास येई. उंच, हाडापेराने मजबूत बाई. नवरा तेलाच्या जहाजावर कामाला म्हणून गेला आणि त्रिनिदादला दुसरं घर मांडून बसला. ती म्हणे, "मेला असता तर निदान स्वप्नात तरी आला असता." एक मुलगी होती, ऑर्लिन. ऐन तारुण्यात हाडमोड्या तापाने गेली. किनाऱ्यावरच्या दफनभूमीत तिला पुरलं, वाळूच्या उंचवट्याभोवती शंख मांडले. दगड बसवला नाही.

दगड आमच्याकडे माणूस पुरल्यावर बसवत नाहीत. मेलेल्याने तो मागावा लागतो. कुणी वर्षा-दोन वर्षांत स्वप्नात येऊन मागतं, कुणी नातवंडं म्हातारी होईस्तोवर थांबतं. मागितला की मग गवंडी बोलवायचा, बोकड कापायचा, ढोल बाहेर काढायचे. त्यानंतर तो माणूस खऱ्या अर्थाने गेला. तोवर तो घरचाच. सणासुदीला त्याचं ताट वाढायचं, बिनमिठाचं, कारण मिठाने त्यांचा रस्ता बंद होतो. ते ताट झाकून सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्याचं जेवून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. न मागता दगड बसवणं म्हणजे जेवत्या पाहुण्याची पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवण्यासारखं.

ऑर्लिनने मागितला नव्हता. बाकी सगळ्यांच्या स्वप्नात ती येऊन गेली होती. शेजारणीच्या स्वप्नात केस विंचरायला, फादर इग्नेशियसच्या स्वप्नात नुसतीच हसायला. एकदा माझ्याही स्वप्नात आली आणि पाव कितीला दिला विचारून गेली. आईच्या स्वप्नात आली नाही. तांती रोज दुपारी भट्टी थंड झाली की दुकानातल्या बाकावर आडवी होई, मुद्दाम, वाट मोकळी ठेवावी म्हणून. उठली की आम्ही काही विचारत नसू. तिचा चेहराच पाटी होता.

आता सिनेटविषयी. आमच्या देशात लोक खालच्या सभागृहावर माणसं निवडून देतात, आणि ज्यांना लोक निवडून देत नाहीत त्यांच्यासाठी वरचं सभागृह आहे. दोन्ही सभागृहं एकाच खोलीत भरतात. मंगळवारी ती खोली खालची असते आणि गुरुवारी वरची. सिनेटर नेमले जातात, काढले जातात, आणि मधल्या काळात 'होय' म्हणतात. सरकारी रांगेतली खिडकीलगतची एक खुर्ची रिवाजाने पेती सेलला मिळते. कायद्यात तसं कुठे नाही, पण मोठ्या बेटाला आमची आठवण ठेवायला काहीतरी लागतं.

त्या खुर्चीत कप्तान सिप्रियन बेदो बसत. शिडाच्या गलबतावर उभी हयात काढलेला माणूस. सभागृहातही ते किंचित डोलत बसायचे. त्यांनी 'होय' सोडून दुसरा शब्द कधी उच्चारला नाही, आणि तोही सगळ्यांच्या मागून, खालच्या पट्टीत, नांगर टाकावा तसा.

मग 'किनारी दफनभूमी (सुयोग्य वापर) विधेयक' आलं. पेती सेलच्या किनाऱ्यावर परदेशी नौकांसाठी मोठा धक्का बांधायचा होता. तसाही समुद्र तिथली जमीन खातोच आहे, असं विधेयकाच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं. दगड असलेल्या कबरी टेकडीवर हलवल्या जातील. आणि पुढे एक पोटकलम होतं: 'ज्या कबरीवर दगड नाही ती कबर रिकामी समजण्यात यावी.' रिकाम्या जागेवर यंत्र फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. लिहिणारा शिकलेला माणूस होता. त्याने दफनभूमीचे फोटो पाहिले होते. फोटोत शंखच शंख होते.

त्या दिवशी कप्तान बेदो उभे राहिले. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते उभे राहू शकतात हेच आम्ही विसरलो होतो.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "मला एवढंच सांगायचंय की..."

आणि कुणीतरी 'जरा थांबा' म्हटल्यासारखे ते सावकाश खाली बसले. डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं. त्यांचं डोलणं थांबलं तेव्हा आम्हाला कळलं. मी लिहिलं: 'सिनेटर बेदो बोलत असताना सभागृह तहकूब.' आमच्या नियमांनुसार ज्याचं बोलणं चालू असताना चर्चा तहकूब होते, चर्चा पुन्हा उघडली की पहिला हक्क त्याचाच. नियम करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून.

पंतप्रधानांनी रिकाम्या जागेवर तांती मिनाचं नाव दिलं. हिशेब सरळ होता. धक्का झाला तर दुकान चालेल, दुकान चालेल तर बाई 'होय' म्हणेल. शिवाय पाववाली सिनेटर फोटोत बरी दिसते.

पत्र आलं त्या दिवशी धक्क्यावर गर्दी जमली. कुणी अभिनंदन केलं नाही.

"कप्तानाचा दगड अजून बसला नाही," कुणीतरी म्हणालं, "आणि तू त्याच्या खुर्चीत बसायला निघालीस?"

"मी कुठे निघाले? मला नेमलंय."

"यमदूतसुद्धा नेमलेलाच असतो, तांती."

लोक हसले, पण हसू लगेच विरलं, कारण मा बेदो आली होती. कप्तानांची विधवा. काठी टेकत ती थेट तांतीपुढे येऊन उभी राहिली.

"मिना, त्याच्या घरातल्या खुर्चीचं तोंड मी भिंतीकडे केलंय. पलंगावर त्याच्या बाजूला झोपत नाही. आणि तू काय करणार?"

"मा, तू नको म्हणालीस तर पत्र परत पाठवते."

"नको म्हणत नाही. तू नाहीस तर मोठ्या बेटावरचा कुणी बूटवाला बसेल." म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बस. पण पुरती बसू नकोस."

म्हणून तांती मिना अर्धी बसली. पहिल्याच दिवशी, निळा रविवारचा पोशाख, डोक्यावर टोपी, मांडीवर पर्स, आणि खुर्चीच्या डाव्या कडेला जेमतेम टेकलेली. उजवा अर्धा भाग मोकळा. शेजारचे सिनेटर तेलेमाक, सरकार पक्षाचे नेते, तरुण वकील, इंग्लंडहून शिकून आलेले. ते हळूच म्हणाले, "मॅडम, आरामात बसा. खुर्ची सरकारी आहे."

"बसलेय की," तांती म्हणाली. "आम्ही बसलोय."

तेलेमाकांनी ते 'आम्ही' तिच्या अडाणीपणात जमा केलं.

माझं टेबल समोरच होतं. त्या खुर्चीची गादी जुन्या चामड्याची, बसलं की खड्डा पडणारी. तांती बसली होती तिथे खड्डा होता. मोकळ्या बाजूलाही होता. मी स्वतःला समजावलं, इतकी वर्षं बसून बसून तसा वळच पडला असेल. मग जहाजांच्या इंजिनांवरच्या जकातीचा प्रस्ताव मताला आला. सगळे 'होय' म्हणाले. तांतीही म्हणाली. आणि सगळ्यांच्या मागून, खालच्या पट्टीत, आणखी एक 'होय' आला.

मी मान वर केली. कुणीच मान वर केली नव्हती, आणि हेच मला आवडलं नाही. प्रत्येक जण समोरच्या कागदात काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता. मी लिहिलं: 'होयचे बहुमत.' आवाज मोजायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

परतीच्या बोटीत आम्ही दोघं एकाच बाकावर होतो, दुपारच्या वेळी. ती डुलकी घेत होती. अचानक तिचे ओठ हलू लागले, कुणाशी तरी अदबीने बोलावं तसे. जागी झाली तेव्हा तिचा रंग उतरला होता.

"आली का ऑर्लिन?" न राहवून मी विचारलं.

"कप्तान आले होते."

"काय म्हणाले?"

"विचारत होते, माझी पाळी आली का. भूक लागलीय म्हणाले. उभं राहून राहून पाय दुखतायत." ती समुद्राकडे पाहत राहिली. "मी विचारलं, कप्तान, माझी ऑर्लिन दिसते का कुठे? तर म्हणाले, दिसते की. माझ्या मागेच उभी आहे. तिला तुला काहीतरी सांगायचंय."

"मग?"

"मग मी म्हटलं, तिला पुढे येऊ द्या ना. तर म्हणाले, कसं येऊ देऊ, अगं मिना? माझं बोलणं अर्धं राहिलंय. ते संपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. नियम आहे."

मी हसायला गेलो, पण आमच्या दोघांमध्ये बाकावर एका माणसाची जागा होती आणि माझा हात तिथल्या फळीवर पडला. फळी कोमट होती. ऊन बोटीच्या पलीकडच्या अंगाला होतं.

चर्चा पुन्हा उघडण्याची तारीख लागली तशी तेलेमाकांनी तांतीला बाजूच्या दालनात घेतलं. त्या दालनाला भिंती आहेत, पण कान झाकायला दारं नाहीत, त्यामुळे मी ऐकलं.

"मिसेस क्वाशी, तुमच्या मुलीची कबर तिथे आहे हे मला कळलंय. मी काही राक्षस नाही. एक काम करा. या आठवड्यात तिच्यावर एक दगड बसवून टाका. सिमेंटचा चालेल. मी माणूस पाठवतो. दगड आहे म्हटलं की कबर टेकडीवर जाईल, आदराने, सरकारी खर्चाने."

"तिने मागितला नाही अजून."

"कुणी?"

"ऑर्लिनने."

तेलेमाकांनी हातातली फाईल मिटली. "मॅडम, माझी आजीसुद्धा असलंच बोलायची."

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको."

"आणि तिने आठवडाभरात नाही मागितला तर?"

"तर तुम्ही 'होय' म्हणाल, यंत्र येईल, आणि माझी पोर जिथून मागणार ती जागाच राहणार नाही." ती हे चढ्या आवाजात म्हणाली नाही. पावाचा भाव सांगावा तसं म्हणाली. "मग ती बोलेल कुठून, साहेब? नौकांच्या खालून?"

"तुम्ही 'नाही' म्हणालात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढतील. जागेवर दुसरा येईल. विधेयक तरीही मंजूर होईल. फरक काय पडला?"

"मला 'नाही' म्हणायचंच नाहीये," तांती म्हणाली. "मला फक्त त्यांचं संपायला हवंय."

"कुणाचं?"

तिने पर्स उचलली आणि निघाली. तेलेमाकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. 'नाही म्हणायचंच नाही' एवढंच त्यांच्या कामाचं होतं.

तो गुरुवार उजाडला तोच कोंदट. पहाटेपासून वीज गेली होती, पंखे बंद, खिडक्या सताड उघड्या आणि तरी कागद हलत नव्हता. पेती सेलहून बोट भरून माणसं आली होती. गॅलरीत काळे कपडे, मध्यभागी मा बेदो. ढोलवालासुद्धा आला होता. दारावरच्या शिपायाने त्याचा ढोल ठेवून घेतला आणि पावती दिली.

तांती आली ती पर्सऐवजी टोपली घेऊन. प्रार्थना झाली. अध्यक्षा मादाम ओगिस्त यांनी चष्मा लावला. त्या पूर्वी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अर्धं मंत्रिमंडळ त्यांच्या छडीखालून गेलेलं होतं. त्यांनी कागदावरून वाचलं, त्या नेहमी वाचत तसं, शब्दांकडे लक्ष न देता:

"किनारी दफनभूमी विधेयकावरील तहकूब चर्चा पुढे सुरू. तहकुबीच्या वेळी ज्यांचे भाषण चालू होते ते माननीय सदस्य..."

इथे त्या थांबल्या. कागद संपला नव्हता.

"...त्यांनी पुढे बोलावे."

तांती मिना उठली. तेलेमाकांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, की थोडक्यात आटपा. पण ती बोलायला उठलेली नव्हती. तिने टोपलीतून एक ताट काढलं. मक्याच्या पिठाचा कू-कू, तुरीचे दाणे, कोंबडीचा रस्सा, रताळं. पेल्यात पांढरी रम. ताट खुर्चीसमोरच्या मेजावर ठेवलं, पांढऱ्या फडक्याने झाकलं, आणि खुर्ची पूर्ण मोकळी करून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम," ती अध्यक्षांना म्हणाली, "ते आधी जेवतील. मग बोलतील."

गॅलरीतली सगळी माणसं एकदम उभी राहिली. टोप्या उतरल्या.

"हरकत!" तेलेमाक उठले. "अध्यक्ष महोदया, सभागृहात अन्न आणता येत नाही."

"बरोबर," मादाम ओगिस्त म्हणाल्या. "तशी समज देण्यात येईल. आणखी?"

"आणि तो सदस्य हजर नसल्यामुळे पुढच्या वक्त्याला..."

"ते हजर नाहीत असं आपलं म्हणणं आहे?"

"अर्थातच..."

"मग तसं नियमाप्रमाणे सांगा, मिस्टर तेलेमाक. त्या खुर्चीकडे तोंड करा, सदस्याचं नाव घ्या, आणि म्हणा की ते इथे नाहीत."

वाक्य साधं आहे. शाळेत हजेरी घेताना पोरं ते रोज एकमेकांसाठी म्हणतात. पण ज्याचा दगड बसलेला नाही त्याचं नाव घेऊन, त्याच्या ताटासमोर, तो नाही असं तोंडावर म्हणायचं म्हणजे त्याला हाकलणं आहे, आणि हाकललेला माणूस हाकलणाऱ्याच्या घरी राहायला जातो. हे आमच्या देशात इंग्लंडहून परत आलेल्यालाही ठाऊक असतं. तेलेमाक खुर्चीकडे वळले. गादीत खड्डा होता. तो डाव्या-उजव्या अंगाला किंचित सरकत होता, नांगरलेलं गलबत सरकतं तसा.

"सिनेटर बे..." ते म्हणाले. मग म्हणाले, "माझी हरकत नोंदवून घ्या."

"कशाला हरकत?"

"ते नंतर सांगतो," आणि ते बसायला गेले. बसले नाहीत, उभेच राहिले. आता सगळेच उभे होते, मादाम ओगिस्तसुद्धा.

मग शांतता झाली. ती किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही, कारण भिंतीवरचं घड्याळ विजेवरचं होतं. बाहेर बाजाराचा गलका चालू होता तो मध्येच थांबला, किंवा आम्हाला ऐकू येईनासा झाला. फडक्याचं एक टोक उचललं गेलं आणि पडलं. वारा नव्हता. चमचा ताटाला लागल्यासारखा बारीक आवाज आला, आणि मग कुणीतरी घसा साफ केला, म्हातारा माणूस जेवण झाल्यावर करतो तसा, पोटभर.

पुढे जे झालं ते मी उतरवून घ्यायला हवं होतं. पेन माझ्या हातात होतं. मी ऐकत होतो, इतरही ऐकत होते, माना हलत होत्या, पण त्यातला एक शब्दही मला लिहिता आला नाही. नंतर विचारलं तर प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. शिपाई म्हणाला, त्याच्या बुडालेल्या भावाने जाळ्याविषयी काहीतरी सांगितलं. मादाम ओगिस्त म्हणाल्या की त्यांनी काही ऐकलं नाही, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. माझ्यासमोर तेलेमाक उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ते म्हणत होते, "हो आजी. हो आजी. नाही आजी."

टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं. त्या वेळची फीत मी नंतर लावून पाहिली. तिच्यावर पंख्यांची घरघर आहे, स्पष्ट, एकसारखी. पंखे बंद होते हे मी वर लिहिलंच आहे.

खुर्ची करकरली. गादीतला खड्डा हळूहळू भरून आला, आणि चामडं सपाट झालं. गॅलरीतून मा बेदोचा आवाज आला, "संपलं त्याचं." तेव्हा कुठे तांतीने श्वास सोडला.

रिवाजाप्रमाणे ताट वाटून टाकायचं असतं. तिने फडकं काढलं. अन्न जसंच्या तसं होतं, फक्त थंडगार, विहिरीतून काढल्यासारखं. तिने घास घास सगळ्यांच्या तळहातावर ठेवला. विरोधी पक्षालाही. तेलेमाकांनी घास तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"खारट झालंय," ते म्हणाले.

"मीठ घातलंच नाही त्यात," तांती म्हणाली. "घालत नाहीत."

"मॅडम, मी सांगतो ना. खारट आहे. समुद्राच्या पाण्यासारखं."

तिने स्वतः एक घास खाल्ला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझा घास खिशात घातला. तो मी कधीच खाल्ला नाही.

मादाम ओगिस्तनी प्रश्न मताला टाकला. "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

कुणी म्हणालं नाही. त्यांनी तेलेमाकांकडे पाहिलं. विधेयक त्यांनीच मांडलेलं होतं. तेलेमाक तळहाताकडे पाहत होते.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे."

तेही कुणी म्हणालं नाही. तांतीसुद्धा नाही. सभागृहाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. मादाम ओगिस्तनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं उलटली, मिटलं. "ज्या प्रस्तावाला एकही 'होय' नाही तो मंजूर झालेला नाही," त्या म्हणाल्या. "सभागृह तहकूब. आणि कृपा करून कुणीतरी त्या माणसाचा ढोल परत करा."

तांतीला काढल्याचं पत्र पुढच्याच बोटीने आलं. गव्हर्नर-जनरलसाहेबांची मर्जी संपली होती, सेवेबद्दल आभार होते. समज वेगळ्या पाकिटात होती. धक्क्यावर लोकांनी या वेळी मात्र अभिनंदन केलं.

ऑर्लिन त्यानंतर आली. तांती त्या दिवशी आडवी झालेलीच नव्हती. भर सकाळी, उभ्या उभ्या, कणीक तिंबताना तिचे डोळे मिटले, आणि शेजारणीने पाहिलं की तिचे हात कणकेत तसेच थांबलेत.

"काय म्हणाली?" शेजारणीने विचारलं.

"म्हणाली, आई, किती वेळ लावलास." तांती हसत होती आणि पीठ लागलेल्या मनगटाने नाक पुसत होती. "इथे पाय भिजतात म्हणाली. दगड दे. उंच दे."

मा बेदोकडे कप्तान त्याच आठवड्यात येऊन गेले होते, त्यामुळे दोन्ही दगड एकाच दिवशी बसले. बोकड कापला, ढोल वाजले, फादर इग्नेशियस रम पिऊन कुंपणाशी झोपले. मोठ्या बेटावरून एकच पाहुणा आला होता, तेलेमाक. ते कुणाशी बोलले नाहीत. जेवताना त्यांनी मीठ मागून घेतलं.

सरकारने धक्क्याची योजना मागे घेतली आणि पुढच्या राजपत्रात तसं छापलं: पेती सेल येथील किनारी दफनभूमी, तिच्या विद्यमान सीमांसह, त्यातील सर्व कबरींसह, दगड असो वा नसो, यापुढे कायमस्वरूपी, अबाधित आणि अहस्तांतरणीय समजण्यात यावी.

दुसऱ्या वर्षीच्या वादळात समुद्र दफनभूमीत आला आणि तिथेच राहिला. ऑर्लिनचा दगड उंच असल्यामुळे ओहोटीला तिचं नाव वाचता येतं.